म्हातारा बैल तिवड्यापाशी

खळ्याचं जलरंगातलं चित्र पुरं झालं त्या दिवशी ते दोघांनी पाहिलं. सकाळी दादरच्या क्लासमध्ये सरांनी आणि संध्याकाळी घरी आबांनी, माझ्या वडिलांनी. सरांनी आकाशाच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथं थेंब पडला वाटतं. पातळ रंगाचा वॉश सुकत आला असताना पाणी लागलं की असं होतं. बाकी छान जमलंय." आबांना तो कोपरा दिसलाही नाही. त्यांनी कागद खिडकीपाशी नेला, चष्मा वर-खाली करत बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ह्यो म्हातारा भाईर कसा?" मला काही उमगेना. मग त्यांनी नखानं दाखवलं. तिवड्याला, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाला, बांधलेल्या बैलांच्या पातीतला पांढरा बैल मी सगळ्यात बाहेरच्या अंगाला घेतला होता. "ढवळ्या थकल्याला हुता तवा. थकल्याला बैल तिवड्यापाशी. भाईरच्याला लई चालाय लागतंय. ह्याला भाईर जुपला तर दुपारपतोर बसंल की खाली." एवढं बोलून त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि टीव्ही लावला.

रात्री ओटा पुसताना तेच डोक्यात. आकाशातला थेंब मला आधीच ठाऊक होता, तो पडला त्याच क्षणी छातीत धस्स झालं होतं. जिव्हारी लागला तो ढवळ्या. कारण तो चुकून बाहेर गेला नव्हता, मी त्याला मुद्दाम तिथं ठेवला होता. मागं काळपट माती, तिच्यावर पांढरा बैल उठून दिसतो. आत तिवड्यापाशी घेतला असता तर बाकीच्या बैलांच्या आड अर्धा झाकला गेला असता. गडदावर फिकं घ्या, फिक्यावर गडद घ्या, हे क्लासमध्ये अगदी सुरुवातीला शिकवतात. ते मी नीट पाळलं. आणि ते पाळताना, ज्याच्या पाठीवर हात फिरवत मी लहानाची मोठी झाले त्या म्हाताऱ्या जनावराला बाहेरच्या फेऱ्याला जुंपलं.

पाटण तालुक्यात, तारळी नदीच्या काठी आमचं गाव. शाळूची सुगी आली की भावकीतल्या घरांचं मिळून एकच खळं व्हायचं. जमीन उकरून, पाणी मारून, वरून बैल फिरवून ती घट्ट करायची आणि मग शेणानं सारवायची. मधोमध तिवडा. त्याला बैलांची पात बांधायची, तोंडांना मुसकी घालायची, खुडलेली कणसं पसरायची आणि त्यावरून बैल गोल गोल. आतला बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो आणि बाहेरचा तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त वाट तुडवतो. हे गणित शाळेत कुणी घातलं नाही, पण गावातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत असायचं. म्हणजे मलाही माहीत असणारच. खळ्याच्या दुसऱ्या अंगाला आदल्या दिवशीच्या मळणीची उपणणी चाललेली असायची. चुलते वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, उभे राहून पाटी डोक्याच्या वर धरायचे आणि वारा आला की हलवायचे. दाणे सरळ खाली, भुसकट वाऱ्यासंगं लांब. खाली आत्या हातणी घेऊन दाण्यांवर पडलेलं कसपट कडेला सारायची. त्याची कूस मानेत, कोपरात, पापण्यांत शिरायची. रात्री अंघोळ केली तरी खाज जायची नाही. वारा पडला की सगळं थांबायचं. चुलते वावडीवर तसेच उभे, रिकामी पाटी कमरेला लावून, तोंड मावळतीकडं.

हे सगळं मला चित्रात हवं होतं. आणि मी बैलांची जागा रंग बघून ठरवली.

थेंबाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिला मुंबईची हवा कारण आहे. चित्र जुलैत केलं. भांडुपला आमच्या घरामागं डोंगर आहे. पावसाळ्यात खिडकीतून ढग आत येतो म्हटलं तरी चालेल. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट लागतात. जलरंगाला हा फरक फार जाणवतो. गावाकडच्या फाल्गुनातल्या दुपारी वॉश बघता बघता वाळून गेला असता. इथं कागदावरची चकाकी जाते, वरून तो कोरडा दिसतो, पण पोटात ओल धरून असतो. अशा वेळी ब्रशमधून पाण्याचा एक थेंब पडला की तो थेंब आधीचा रंग ढकलत बाहेर सरकतो, आणि वाळल्यावर कातरलेल्या काठाचा एक डाग उमटतो. क्लासमध्ये सगळे त्याला कॉलीफ्लॉवर म्हणतात. कागदाचंही तसंच. चांगल्या कागदाला सरसाचा हात दिलेला असतो, म्हणून रंग वरच्या वर राहतो, ब्रशला ऐकतो. पावसाळे कपाटात काढलेल्या कागदावरचा तो हात जागोजागी उतरतो. पांढऱ्या कागदावर ते दिसत नाही. रंग लावला की तेवढ्याच ठिकाणी तो खाली शोषला जातो आणि ठिपके उमटतात. मी कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून, लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते, तरी व्हायचं ते होतंच.

पूर्वी मी अशा कागदांवर चिडायची. आता वाटतं, मी अकरा वर्षांची असताना, १९७७ साली, आईचं बोट धरून दादरला उतरले. त्यानंतर गाव आठवलं ते सगळं इथं, या ओलीत. गिरगावात, मग घाटकोपरला, मग इथं. मी काढते ते गाव काही तारळीच्या काठावर बसून काढलेलं नाही. फाल्गुनाच्या आभाळात मुंबईचा जुलै शिरला असेल तर तो माझ्या आठवणीतही शिरलेलाच आहे.

तो डाग काढायचा प्रयत्न मी केला होता. ओला स्पंज, टिश्यू पेपर, हलक्या हातानं टिपत राहायचं. काही रंग असे उचलले जातात. हा गेला नाही, कारण आकाशाला प्रशियन ब्लू होता आणि तो कागदाच्या धाग्यात बसतो. शाळेतल्या कॅमलच्या डबीपासून हा निळा माझ्याकडं आहे. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या त्या कंपनीचे रंग मराठी घरात आले नाहीत असं घर विरळा. या निळ्याची जन्मकथा मला बरीच उशिरा वाचायला मिळाली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंग बनवणारा किड्यांपासून लाल रंग तयार करत होता. त्यानं वापरलेली पोटॅश शुद्ध नव्हती, तिच्यात प्राण्यांच्या तेलाचा अंश उतरला होता. भांड्यात लालऐवजी गडद निळा तयार झाला. त्याआधी युरोपातल्या चित्रकारांना चांगला गडद निळा हवा असेल तर अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्दी दगडाची पूड घ्यावी लागायची, सोन्याच्या मोलाची. बिघडलेल्या लालानं निळा स्वस्त केला. डीसबाखनं त्या भांड्याकडं पाहून काय केलं असेल, याचा मी अनेकदा विचार करते. फेकून द्यायला हात पुढं झाला असणार. तो थांबला, एवढं खरं.

मला वाटतं, माझ्या हाताला थांबायचं शिक्षणच नव्हतं. आमच्या पिढीनं चित्रकला शिकली ती एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी. त्यात मेमरी ड्रॉइंगचा पेपर असायचा. स्मरणचित्र. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका, आठवड्याचा बाजार, शेतात काम करणारे शेतकरी, असे विषय आमच्याकडून घोटून घेतले जायचे. मी गावाहून नुकतीच आलेली, नदीवरून हंडा आणलेल्या मुलीला विहिरीवरच्या बायका काढायच्या होत्या. माझ्या चित्रात विहिरीला काठ नव्हता, कारण आमच्या विहिरीला नव्हता. पायऱ्यांची विहीर, उतरून पाणी घ्यायचं. बाईंनी प्रेमानं समजावलं, विहीर अशी काढायची, गोल काठ, रहाट, दोर, शेजारी वाकलेली बाई, पाठमोरी दुसरी. सगळ्या वर्गाची तीच विहीर. वर्गातल्या बहुतेक मुलांनी विहीर पाहिलेलीच नव्हती आणि त्यांची माझ्याहून चांगली आली. मग मीही शिकले. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, कौलारू घर, दारात नारळाचं झाड. आमच्या गावात नारळाचं झाड नव्हतं. मला ए ग्रेड मिळाली. त्या ग्रेडचा आनंद अजून आठवतो, आणि तो खोटा नव्हता. पण त्या वर्षानंतर डोळे मिटून गाव आणायला गेले की आधी ती नारळाची झाडं यायची.

म्हणून आज बिनडागाच्या चित्राची मला थोडी भीती वाटते.

हे लिहिताना सावळाराम हळदणकरांचं नाव मनात येतं आणि थोडं सावरून बसावं लागतं. सावंतवाडीचा हा मुलगा जे. जे.मध्ये शिकला, मुंबईत राहिला, आणि त्यांनी जलरंगाची जी स्वच्छता दाखवली तिच्यापुढं हात जोडावेत. हातात समई घेतलेली ती मुलगी, मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातली, बोटांच्या फटींतून झिरपणारा उजेड. त्यांच्याच मुलीनं, गीतानं, त्यासाठी उभं राहून दिलं होतं. लोक ते चित्र सर्रास रविवर्म्याचं समजतात, तैलरंगातलं समजतात. ते पाण्यातलं आहे. एकदा लावलेला रंग मागं घेता येत नाही अशा माध्यमात तो उजेड त्यांनी धरला. चूक गोंजारणं आणि कष्ट टाळणं यांत फरक असतो, हे त्या चित्रापुढं कळतं. माझेही कितीतरी कागद नुसतेच बिघडलेले आहेत. नदीच्या एका चित्रात हिरव्यावर तांबडा आणि त्यावर पुन्हा निळा असं करत मी पाणी इतकं मळवलं की त्यात काहीच उरलं नाही. त्या कागदाच्या पाठीवर मी आता रंग तपासून बघते. प्रत्येक डागात गाव दडलेलं नसतं.

पण कधी असतं. चुलीपुढं बसलेली आई काढत होते. परातीत थापलेली भाकरी, तव्यावरची भाकरी, कडेला उतरलेल्या दोन. शाळूच्या भाकरीचा तो पांढरट रंग, जरासा पिवळा, जरासा राखाडी, फार अवघड. घरातून कुणीतरी हाक मारली, मी उठले, परत येऊन ब्रश न धुताच टेकवला. त्यात चुलीच्या मातीसाठी कालवलेली बर्न्ट सिएना होती. उतरलेल्या भाकऱ्या लालसर झाल्या. टिपायला कागद घेतला आणि हात तिथंच राहिला. तोंडात एकदम चव आली. चिकट, किंचित कडसर, घशाखाली न जाणारी. मी आबांना विचारलं, आपण कधी लाल भाकरी खायचो का? "मिलो," ते म्हणाले. १९७२ चा दुष्काळ. रेशनवर आलेली अमेरिकेतली लाल ज्वारी. मी सहा वर्षांची. आबा तेव्हा दाणाबंदरात, मशीद बंदरला, शंभर किलोची पोती पाठीवरून उतरवत होते आणि त्यातली काही मिलोचीच होती. इथं त्यांनी पोतं वाहिलं, तिथं आईनं ती भाकरी थापली. आई कामावर खडी फोडायला जायची. दुष्काळाबद्दल मी वाचलं होतं, ऐकलं होतं, पण ते माझ्या घरात, माझ्या जिभेवर घडलं होतं हे मी विसरून गेले होते. मी बसले होते काढायला भरल्या घरातली पांढरी भाकरी. न धुतलेल्या ब्रशनं ते होऊ दिलं नाही. त्या चित्रातल्या भाकऱ्या मी लालच ठेवल्या आणि मग आईच्या मांडीजवळ ठेवलेला दुधाचा तांब्या पुसून काढला. त्या वर्षी घरात दूध नव्हतं.

आकारांचंही असंच होतं, पण त्यावर मी आता वाद घालत नाही. आजीचं जातं माझ्या हातून नेहमी मोठं येतं. प्रमाणानं पाहिलं तर त्या जात्यासमोर बसलेली बाई ते फिरवू शकणार नाही. मी त्याच्या खुंट्यापर्यंत जेमतेम पोचायचे, तेव्हा ते तेवढंच होतं. तसंच राहू देते. घराची भिंत मात्र मी बदलली. पट्टी लावल्यागत उभी, सरळ भिंत काढली होती. आबा म्हणाले, भूकंपानंतर ती भिंत भाईर झुकल्याली हुती, टेकू लावलेला हुता, तू तर त्या टेकूला झोका बांधायचीस. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप. मी वर्षाची होते. त्या वाकड्या भिंतीच्या सावलीत माझं सगळं लहानपण गेलं आणि कागदावर माझ्या हातानं ती गवंड्यासारखी सरळ करून टाकली.

हळूहळू मला दिसायला लागलं की माझ्या चित्रांतल्या चुका दोन गावच्या आहेत. पाण्यानं, ओलीनं, न धुतलेल्या ब्रशनं केलेल्या चुकांचा मला त्रास होतो आणि त्या बहुतेक वेळा माझं काही हिरावून घेत नाहीत. माझ्या चांगल्या आवडीनं, शिकलेल्या हातानं केलेल्या चुका दिसायला गोड असतात. सरळ भिंत, भरलेला तांब्या, उठून दिसणारा पांढरा बैल. कुणी बोट ठेवत नाही. लोक फोन पुढं करून त्यांचाच फोटो काढतात.

खळं मी पुन्हा काढलं. ढवळ्या आत, तिवड्यापाशी, दुसऱ्या बैलांआड अर्धा लपलेला. फक्त वशिंड आणि शिंगांची टोकं. बाहेर तरणाबांड तांबडा. आकाश या वेळी जपून केलं, पंखा लावून, एकेक थर पूर्ण वाळवून. एकही डाग नाही. काढताना मला डहाणू-तलासरीकडच्या वारली बायकांच्या भिंती आठवत होत्या. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, बांबूच्या काडीचं टोक चेचून केलेला ब्रश. ओढलेली रेघ तिथंही मागं घेता येत नाही. लग्नाचा चौक सुवासिनी काढायच्या; पुढं जिव्या सोमा म्हशांनी ती रेघ भिंतीवरून कागदावर, कापडावर आणली आणि जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रात खळं वरून दिसतं, पूर्ण गोल, मध्ये खांब, भोवती बैल. कुणी कुणाच्या आड नाही. आत कोण आणि बाहेर कोण, हे लपायला जागाच नाही. मला ते तसं काढता येत नाही, माझा डोळा जमिनीवर उभा राहून बघायला शिकलाय. पण बैल झाकला जाईल म्हणून त्याची जागा बदलायची गरज कुठून आली, हे त्या भिंतींमुळं मला कळलं.

नवं चित्र आबांना दाखवलं. पुन्हा खिडकी, पुन्हा चष्मा. "बैल बराबर हाईत," ते म्हणाले. मी खूश झाले. मग ते वावडीवरच्या त्यांच्या भावाकडं बघत राहिले. "पर वारं पडलंय."

मी जुनं चित्र काढून शेजारी धरलं. खरंच. जुन्यात तो कातरलेल्या काठाचा डाग बरोबर पाटीच्या वर, उजवीकडं सरकलेला होता आणि भुसकट तिथं उडत होतं. आबांनी त्याला डाग म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. नव्या चित्रात चुलते पाटी हलवत होते आणि हवा ठप्प होती. दोन्ही कागद मी ठेवलेत. तिसरं करायला बसले नाही. जाणूनबुजून थेंब टाकून बघितला होता एका सुट्या कागदावर, पण तो टाकलेला थेंब टाकलेलाच दिसतो.

ढवळ्याची चूक आबांनी पकडली, भिंतीचीही पकडली. पण आबांना दिसणार नाही अशीही एक चूक होती, आणि ती काढल्यापासून पुरस्कारासारखी भिंतीवर टांगलेली होती. नदीचं चित्र. सकाळची वेळ, बायका पाणी भरतायत, घागरींवर ऊन. माझ्या सगळ्या चित्रांत लोकांना तेच आवडतं. माझी गावातली शाळेची मैत्रीण विक्रोळीला कन्नमवारनगरात राहते. चौथीपर्यंत आम्ही एका फळीवर बसलो. ती घरी आली, चहा पिताना त्या चित्राकडं बघत राहिली आणि म्हणाली, "छान काढलंयस गं. आमचा पाणवठा कुठंय?"

तिचा पाणवठा खालच्या अंगाला होता. वळणाच्या पलीकडं, जिथं वरच्या बायकांनी धुणं धुतलेलं पाणी वाहत यायचं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याला पन्नास वर्षं होत आली होती आणि बौद्धवाड्यातली ही मुलगी, माझ्याच वर्गातली, वळणाच्या खालचं पाणी भरत होती. मी ते रोज बघत होते. माझ्या कच्च्या रेखाटनात ते वळण आहे, मी वही काढून तपासलं. वळणापाशी दोन बारक्या आकृत्यासुद्धा आहेत. मोठ्या कागदावर घेताना मी नदी वळायच्या आत थांबवली, कारण वळण घेतलं की नजर चित्राबाहेर जात होती. रचना बिघडत होती. हेच कारण होतं. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं, आणि ते नव्हतं म्हणून मला जास्त वाईट वाटतं.

मी तिला वही दाखवली. ती चिडली नाही. तिनं त्या दोन आकृत्यांकडं पाहिलं आणि म्हणाली, ही मी नसणार, मी नेहमी कळशी डाव्या कमरेवर घ्यायची. मग आम्ही जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला. नदी मी काढली, खालचा भाग तिनं. तिला चित्र काढता येत नाही असं ती म्हणते. तिची रेघ दाबून, थांबत थांबत येते, पण कुठला दगड कुठं होता हे विचारावं लागत नाही. पाण्यात उतरायची वाट तिनं काढली तेव्हा मला कळलं की ती वाट मी कधी पाहिलेलीच नाही. आमच्या अंगानं ती दिसायची नाही. तिथं काटेरी शिंदीचं बन होतं, त्यातून ती वाट जायची, आणि हंडा डोक्यावर असताना फांदी चुकवायला मान कशी वळवायची ते तिनं खुर्चीतून उठून करून दाखवलं. मी ते पटकन रेखाटून घेतलं. आलं ते वेडंवाकडं, पण त्या मानेला हात लावायचा नाही असं आम्ही ठरवलं.

आता अडलंय ते झाडापाशी. वळणावर एक मोठं झाड होतं, त्याच्या सावलीत दुपारी गुरं बसायची. मी उंबर काढला, वरच्या काठावर. ती म्हणाली, उंबरच, पण आमच्या काठावर. आम्ही त्याची उंबरं वेचून खायचो, तुमच्या काठावर असता तर आम्हाला वेचू दिली असती का? मला वरच्याच काठावर दिसतो. मी आबांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावला, कागद फिरवून पाहिला आणि सांगितलं की तिथं उंबर नव्हताच, करंज होता, आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत पुरात गेला. मैत्रीण म्हणाली, "आबा, करंजाची फळं खात न्हाईत, आमी खाल्ल्यात." आबा म्हणाले, "मग दुसरं झाड आसंल." सध्या कागदावर दोन्ही काठांना पेन्सिलनं एकेक उंबर आहे आणि मध्ये आबांचा करंज. पुढच्या रविवारी ती तिच्या थोरल्या बहिणीला फोन लावणार आहे. तोवर पाऊसही ओसरेल, कागद वाळायला लागतील, मग रंगाला बसू.